खिंडीतील धर्मशाळा आणि खडकावरची फुले

आल्प्स पर्वताच्या खिंडी आणि संत बर्नार्ड यांचे नाते ख्रिस्ती वाचकांस अपरिचित नाही. अकराव्या शतकात आओस्ता येथील या धर्मपुरुषाने बर्फाळ घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी आश्रयस्थाने उभारली, अशी परंपरा आहे. पुढे १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी निष्णात गिर्यारोहक होते आणि १८८९ साली त्यांनी मोंते रोझाची अवघड चढाई केली होती. संत बर्नार्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खिंडी मात्र दोन आहेत. थोरली २,४६९ मीटर उंचीवर, स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर. धाकटी २,१८८ मीटर उंचीवर, इटलीतील आओस्ताचे खोरे आणि फ्रान्समधील सव्हॉय प्रांत यांना जोडणारी. बर्फात गाडल्या गेलेल्या माणसांचा माग काढणाऱ्या कुत्र्यांमुळे थोरल्या खिंडीची कीर्ती जगभर पसरली. धाकटी तिच्या छायेत राहिली.

या धाकट्या खिंडीत एका धर्मगुरूने वाटसरूंच्या बरोबरीने आणखी एका जीवसृष्टीला आसरा दिला. ती होती खडकावर, थंडीत, मूठभर मातीत जगणारी पर्वतीय फुलझाडे. त्या धर्मगुरूंचे नाव आबे पिएर शानू. त्यांच्या कार्याची कथा सांगण्याचा आमचा हेतू आहेच; परंतु त्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाकडेही वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. वनस्पतीला ओळखणे आणि तिला नाव देणे ही एक विद्या आहे. तिच्याजवळ राहून तिला राखणे ही दुसरी विद्या आहे. पहिल्या विद्येचा इतिहास ग्रंथांतून विपुल आढळतो. दुसऱ्या विद्येचे उपासक थोडे आणि त्यांच्या नोंदी त्याहून थोड्या.

खडकाचे रहिवासी

जंगलाची सीमा ओलांडून वर गेले की पर्वत उजाड होतो, अशी आपली समजूत असते. दुरून ती खरी भासते. वृक्ष संपतात, झुडपे खुजी होत होत नाहीशी होतात आणि पुढे दिसतो तो केवळ दगड. वस्तुतः आल्प्समध्ये फुलझाडांचे, नेच्यांचे मिळून सुमारे ४,५०० प्रकार नोंदले गेले आहेत, आणि त्यांपैकी कित्येक याच थंड, खडकाळ उतारांवर राहतात. काही तर या पर्वतरांगेखेरीज जगात अन्यत्र कोठेही उगवत नाहीत.

त्यांची राहणी पाहण्यासारखी आहे. सिलेने नावाची एक वनस्पती दगडाला चिकटून हिरव्या उशीसारखी वाढते. शेकडो बारीक डहाळ्या एकमेकींना बिलगून बसतात. वारा वरून निसटून जातो आणि उशीच्या आत सूर्याची ऊब साठून राहते. उन्हाच्या दिवशी या उशीच्या अंतर्भागात बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता असते. जुन्या पानांचे तेथेच खत होते. बोटभर उंचीची ही वनस्पती शंभर वर्षांहूनही अधिक जगू शकते. एडेलवाइस या प्रसिद्ध फुलाने पांढऱ्या लोकरीचे पांघरूण घेतलेले असते. प्रखर किरणांपासून आणि कोरड्या वाऱ्यापासून ते त्याचे रक्षण करते. घसरत्या दगडखचावर राहणाऱ्या वनस्पतींचे निराळेच कौशल्य. पायाखालची भूमी सरकत असताना त्या लांब, लवचीक मुळांनी खालच्या स्थिर थराला धरून असतात आणि दगडांखाली गाडल्या गेल्या तर पुन्हा नवा कोंब वर काढतात.

खडकाच्या भेगांत राहणाऱ्या एका मोठ्या कुळाला लॅटिन भाषेत साक्सिफ्रागा म्हणतात. त्याचा अर्थ दगड फोडणारी. आपल्या आयुर्वेदात पाषाणभेद नावाची एक औषधी आहे. हिमालयाच्या थंड खडकाळ उतारांवर उगवणारी ही वनस्पती शास्त्रज्ञांनी त्याच कुळात घातलेली आहे. दोन पर्वतांवरच्या, परस्परांना अनोळखी अशा लोकांनी नात्यातल्या वनस्पतींना एकच नाव द्यावे, आणि दोघांनीही मूतखड्यावर तिचा उपयोग करावा, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. याच साक्सिफ्रागांपैकी एक जांभळ्या फुलांची जात स्वित्झर्लंडमधील डोम शिखराजवळ ४,५०० मीटरच्या वर आढळली आहे. दुसरी एक जात इटली आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील सागरी आल्प्सच्या कणखर कड्यांवरच राहते. ती कित्येक वर्षे पानांचा गुच्छ तेवढा वाढवीत असते. मग एकदाच फुलते, बी धरते आणि मरून जाते. असे झाड कोणी फुलण्याआधी उपटले तर त्याच्याबरोबर त्याची सारी प्रतीक्षाही वाया जाते.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. खडकाळ उतार हे एकच घर नसून ती एक मोठी चाळ आहे. एका शिळेच्या दक्षिणेस ऊन, उत्तरेस सावली. वरच्या कोनाड्यात वारा, खालच्या खळग्यात उन्हाळाभर रेंगाळणारा बर्फ. येथे चुनखडी, तेथे ग्रॅनाइट. दोन हातांच्या अंतरावर हवामान बदलते आणि रहिवासीही बदलतात. म्हणूनच इतक्या थोड्या जागेत इतक्या विविध वनस्पती एकत्र नांदतात.

नाव देणारे आणि उपटणारे

या रहिवाशांची शास्त्रीय ओळख करून घेण्याचे काम ज्यांनी आरंभिले त्यांत धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. थोरल्या खिंडीतील मठाचे लोरां-जोसेफ म्युरीत (१७४२–१८१६) हे त्यांपैकी एक. १७७९ साली त्यांनी मों व्हेलां या शिखरावर पहिले पाऊल ठेवले. जिनीव्हाचे प्रख्यात शास्त्रज्ञ सोस्यूर यांच्याशी त्यांचा परिचय होता. व्हाले प्रांतात वनस्पतींचा शोध घेत हिंडणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका १८१० साली प्रसिद्ध झाली, आणि १८६१ साली त्या प्रांतात निसर्गविज्ञानाची जी संस्था स्थापन झाली तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

म्युरीत यांच्या काळात पर्वतावर जाणारे लोक मोजके होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. आगगाड्या डोंगराच्या पायथ्याशी पोहोचल्या. शहरांतील सुखवस्तू कुटुंबे उन्हाळ्यात पर्वतावर येऊ लागली आणि परत जाताना एडेलवाइस नेणे ही रीतच होऊन बसली. टोपीत खोवलेले ते पांढरे फूल आपण उंच कड्यावर जाऊन आल्याची साक्ष देई. कड्यावर न गेलेल्यांसाठी ते बाजारात विकत मिळे. गरीब डोंगरी मुले जुड्या बांधून फुले विकत. बागांचे शौकीन लोक मुळांसकट रोपे मागवीत. ती सपाटीवरील दमट, बिनबर्फाच्या हिवाळ्यात मरून जात, आणि मग पुन्हा नवी मागविली जात. आपल्या संग्रहासाठी दुर्मिळ जातींचे पुंजके खरवडून नेणारे वनस्पतिशास्त्रज्ञही या लुटीत निरपराध नव्हते. नाव देणारा हात आणि उपटणारा हात कधीकधी एकच असे.

याविरुद्ध आवाज उठू लागला. स्वित्झर्लंडमधील ओबवाल्डेन या लहानशा प्रांताने १८७८ साली एडेलवाइस मुळासकट उपटण्यावर बंदी घातली. युरोपात वनस्पतींच्या रक्षणार्थ झालेल्या अगदी आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. १८८३ साली जिनीव्हात आंरी कोरव्हों या माळीकाम जाणणाऱ्या गृहस्थांनी वनस्पतिरक्षणासाठी एक संघ स्थापन केला. त्यांचा विचार व्यवहारी होता. लोकांना पर्वतीय फुले हवीच असतील तर ती बियांपासून वाढवून द्यावीत, म्हणजे कड्यावरची झाडे वाचतील. आणि पर्वतावरच, जेथे ती नैसर्गिकपणे सुखी असतात तेथे, त्यांच्या बागा कराव्यात. १८८९ साली थोरल्या खिंडीच्या वाटेवरील बूर-सेंत-पिएर या गावी अशी एक बाग उभी राहिली. त्या काळी आल्प्समध्ये अशा बागांची एक चळवळच सुरू झाली होती, आणि धाकट्या खिंडीतील एका वृद्ध धर्मगुरूंच्या मनात तोच विचार घोळत होता.

धाकट्या खिंडीचे यजमान

पिएर शानू यांचा जन्म १८२८ साली आओस्ताच्या परिसरातील शांपोर्शे या डोंगरी गावी झाला. धाकट्या खिंडीतील धर्मशाळा त्या काळी संत मॉरिस आणि संत लाझारस यांच्या संघाच्या ताब्यात होती. १७५२ साली ती त्या संघाकडे सोपविण्यात आली होती. या धर्मशाळेचे प्रमुख म्हणून शानू तेथे गेले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, तेथेच राहिले.

त्या स्थानाची कल्पना केल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. वर्षातील सात-आठ महिने तेथे बर्फ असतो. गाव दूर, शेजार नाही. रोमन काळापासून ही वाट वाहती आहे, आणि त्याहूनही प्राचीन असे उभ्या शिळांचे एक वर्तुळ खिंडीत आजही दिसते. एकोणिसाव्या शतकात या वाटेने जात ते मुख्यतः आओस्ताच्या खोऱ्यातील गरीब मजूर. गावाकडे शेत पुरत नसे, म्हणून पोटापाण्यासाठी ते पायी फ्रान्सकडे निघत आणि हंगाम संपला की पायीच परतत. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या चाकरमान्यांची आठवण व्हावी, असा तो प्रवाह होता. अशा वाटसरूला ऊब, अन्न आणि निजावयास जागा देणे, वादळात सापडलेल्याचा शोध घेणे, हे धर्मशाळेचे काम. आलेल्याला तू कोण, कोठला, असे विचारण्याची तेथे प्रथा नव्हती.

सात-आठ महिने बर्फ पाहिलेल्या डोळ्यांना पहिल्या फुलाचे अप्रूप काय असेल, ते सपाटीवर राहणाऱ्यांनी कल्पनेनेच जाणावे. शानू यांनी आजूबाजूचे उतार पायांखाली घातले होते. कोणत्या शिळेच्या आड काय उगवते, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सहवासाने माहीत झाले होते. आणि म्हणूनच, एकेका उतारावरून एकेक फूल नाहीसे होत आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले. एका उन्हाळ्यासाठी येणाऱ्या प्रवाशाला ही घट दिसू शकत नाही. त्याने आधीचा उतार पाहिलेला नसतो. उणे झालेले ओळखायचे तर पूर्वीचे भरलेले पाहिलेले असावे लागते. शानू यांच्या दीर्घ वास्तव्याचे हे खरे महत्त्व आहे, असे आम्हांस वाटते.

धर्मशाळेजवळ, सुमारे २,१७० मीटर उंचीवर, त्यांनी पर्वतीय वनस्पतींची बाग करावयास घेतली. आयुष्याची साठी तेव्हा उलटून गेली होती. दगड रचून भेगा, खळगे, चढउतार निर्माण करावयाचे आणि प्रत्येक रोपाला त्याच्या स्वभावाप्रमाणे जागा द्यावयाची, असे या बागेचे तंत्र असते. खडकाळ उताराची ती छोटी प्रतिकृतीच म्हणावी. तेथे हिवाळी बर्फाचे पांघरूण आयतेच मिळते, आणि म्हणून सपाटीवर मरणारी झाडे तेथे जगतात. १८९७ साली या बागेचे रीतसर उद्घाटन झाले. मित्रांनी आणि शास्त्रज्ञांनी तिला त्यांच्याच नावावरून शानूझिया असे नाव दिले.

या उद्योगात शानू एकटे नव्हते. आओस्ताच्या खोऱ्यात वनस्पतींच्या अभ्यासासाठी १८९१ साली एक संस्था स्थापन झाली होती, आणि लीनो वाक्कारी या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाचे साहाय्य त्यांना लाभले. १९०९ च्या हिवाळ्यात शानू निवर्तले तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. त्यांचा देह खिंडीतच, धर्मशाळेजवळच्या एका लहान चॅपेलमध्ये विसावला. बागेची जबाबदारी वाक्कारी यांनी घेतली. त्यांच्या देखरेखीखाली ती वाढत गेली, संशोधनासाठी प्रयोगशाळा झाली, जगातील नाना पर्वतांवरून बी येऊ लागले आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथील वनस्पतींच्या जाती सुमारे ४,००० वर पोहोचल्या.

सीमा सरकते, बाग तेथेच राहते

खिंड ज्या कारणासाठी वाटसरूला प्रिय असते त्याच कारणासाठी ती सैन्यालाही हवी असते. १० जून १९४० रोजी इटलीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, आणि त्याच महिन्यात धाकट्या खिंडीतून इटालियन फौजा पुढे सरकल्या. युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात आणि १९४५ च्या वसंतात या परिसरात पुन्हा चकमकी झडल्या. धर्मशाळेच्या इमारतीची हानी झाली. बाग उद्ध्वस्त झाली. आधीच्या अर्धशतकात दगडादगडाने रचलेले सारे पाच वर्षांत मोडले.

त्यानंतर आणखी एक घाव बसला. १९४७ च्या शांतता तहाने या भागातील सीमारेषा बदलली, आणि धर्मशाळेसह बागेची जागा इटलीतून फ्रान्समध्ये गेली. ज्यांनी बाग उभारली त्यांच्या दृष्टीने ती आता परदेशात होती, आणि ज्यांच्या देशात ती आली त्यांचे तिच्याशी जुने नाते नव्हते. तीस वर्षे ती तशीच पडून राहिली. गवत माजले, दगड ढासळले, लेबले नाहीशी झाली. मालकाविना पडलेल्या घराची जी अवस्था होते तीच बागेचीही झाली.

१९७६ साली जीर्णोद्धारास आरंभ झाला. त्यासाठी सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे एकत्र आली. जमीन फ्रान्सची, बागेची परंपरा आओस्ताची, आणि कारभार दोघांनी मिळून चालविलेल्या संघटनेचा, अशी व्यवस्था झाली. काही जुनी झाडे गवतात तग धरून राहिलेली आढळली. आज तेथे पुन्हा हजाराहून अधिक जाती वाढतात. जुलैपासून सप्टेंबरपर्यंतच्या अल्पशा उन्हाळ्यात लोक त्या पाहावयास येतात. युद्धाने ज्या दोन राष्ट्रांना या खिंडीत परस्परांसमोर उभे केले, त्यांनाच फुलांच्या निगराणीने तेथे एकत्र आणले. हे आम्ही काव्य म्हणून सांगत नाही. तणे उपटावयास आणि दगड रचावयास हात लागतात, आणि ते हात दोन्ही देशांतून आले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

बाग पुरेशी आहे काय?

येथवरची कथा ऐकून वाचकांचे समाधान झाले असेल. परंतु बाग हा आसरा आहे. ते घर नव्हे. धर्मशाळेत वाटसरू एक रात्र राहतो, जन्म काढीत नाही. बागेत प्रत्येक जातीची मोजकी रोपे असतात. त्यांना माळ्याचा हात लागतो, जवळच्या जातींशी त्यांचा संकर होऊ शकतो, आणि ज्या कीटकांशी, ज्या शेजाऱ्यांशी त्यांचे मूळ उतारावर नाते होते ते सारेच बागेत आणता येत नाहीत. म्हणून रक्षणाचा विचार पुढे गेला आणि संपूर्ण पर्वतप्रदेश राखण्याची कल्पना आली. १९१४ साली स्विस राष्ट्रीय उद्यान, १९२२ साली इटलीतील ग्रान पारादीझो, १९६३ साली फ्रान्समधील व्हानुआज अशी उद्याने झाली. शेवटच्या दोहोंच्या हद्दी तर परस्परांना भिडतात. ग्रान पारादीझोच्या परिसरात कोन्येजवळ १९५५ साली पर्वतीय वनस्पतींची आणखी एक बाग झाली. बाग आणि उद्यान ही परस्परपूरक आहेत, याचे ते चांगले उदाहरण होय.

आजचे संकट मात्र कोणत्याही कुंपणाने अडणारे नाही. पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि खालच्या वनस्पती वर चढू लागल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये पित्स लिनार्द नावाचे ३,४१० मीटर उंचीचे शिखर आहे. १८३५ साली ओस्वाल्ड हेर या शास्त्रज्ञाला त्याच्या माथ्यावर फुलझाडाची केवळ एक जात आढळली होती. पुढच्या पिढ्यांतील अभ्यासक त्याच माथ्यावर पुन्हा पुन्हा जात राहिले. २०११ साली तेथे १६ जाती होत्या. हे एकट्या शिखराचे नाही. २००१ पासून जगातील अनेक शिखरांवर ठरावीक चौकोन आखून, ठरावीक वर्षांनी त्यांतील प्रत्येक रोपाची मोजणी करण्याचा उपक्रम चालू आहे. २०१८ साली युरोपातील ३०२ शिखरांच्या जुन्यानव्या नोंदी ताडून पाहण्यात आल्या. तेव्हा असे दिसले की २००७ ते २०१६ या दशकात शिखरांवर नव्या जाती पोहोचण्याचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या दशकातील वेगाच्या पाचपट आहे.

जाती वाढल्या, मग चिंता कसली, असे कोणी विचारील. चिंता अशी की वर येणाऱ्या वनस्पती उंच, जोमदार आणि घाईच्या आहेत. ज्या मूळच्या माथ्यावर आहेत त्या ठेंगण्या आणि सावकाश वाढणाऱ्या आहेत. खालच्याला वर सरकता येते. माथ्यावरच्याने कोठे जावे? त्याच्या वर आकाशच आहे. शंभर वर्षे जगणारी हिरवी उशी पाहुणे आले म्हणून लगेच मरत नाही. ती वर्षानुवर्षे तेथे दिसत राहते आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. परंतु तिचे बी रुजेनासे झाले असेल तर ती उशी म्हणजे केवळ मागे राहिलेली म्हातारी होय.

तरीही एक दिलासा आहे, आणि तो खडकानेच दिला आहे. वर सांगितलेली चाळीची उपमा वाचकांनी पुन्हा आठवावी. स्विस आल्प्समधील उतारांवर जमिनीचे तापमान बारकाईने मोजले असता असे आढळले की एकाच उतारावरील शेजारशेजारच्या जागांतील फरक शेकडो मीटर उंचीच्या फरकाइतका असू शकतो. म्हणजे थंडावा शोधणाऱ्या रोपट्याला शिखराकडेच धाव घ्यावयास हवी असे नाही. काही हातांवरच्या शिळेमागचा सावलीचा कोनाडाही त्याला पुरू शकेल. सपाट प्रदेशात हे शक्य नाही. मात्र याचा अर्थ असा की तो उतार जसाच्या तसा, वेडावाकडा, खळग्याखाचांसह राहिला पाहिजे. घसरण्याच्या खेळासाठी उतार घासून सपाट केला, रस्त्यासाठी दगड फोडून नेला, तर चाळीतील खोल्याच नाहीशा होतात. खडक राखणे म्हणजेच वनस्पती राखणे, हा या संशोधनाचा व्यवहारी अर्थ आहे.

आपल्याकडील धागे

आल्प्सच्या या कथेचे काही धागे थेट आपल्यापर्यंत येऊन पोहोचतात. आयुर्वेदात जिला कुष्ठ किंवा कोष्ठ म्हणतात ती सुगंधी मुळी मूळची काश्मीर आणि भोवतालच्या हिमालयातील थंड उतारांवरची. रोमन लोकही तिच्यासाठी मोठी किंमत मोजीत. तिचे शास्त्रीय नाव साउस्सुरेआ कोस्टुस असे आहे, आणि त्यातील पहिला शब्द म्युरीत यांच्या परिचयाच्या त्या जिनीव्हावासी सोस्यूर घराण्यातील पितापुत्रांच्या स्मरणार्थ योजलेला आहे. हिमालयातील खऱ्या ब्रह्मकमळाचे कुळही हेच. एडेलवाइसचे जे झाले तेच कोष्ठाचे झाले. येथे तर मुळीच हवी असल्याने झाड उपटल्यावाचून चालत नसे. उतार ओस पडू लागले, तेव्हा १९८५ साली रानटी कोष्ठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर अत्यंत कडक निर्बंध आले. लाहौलच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच शेतात तिची लागवड सुरू केली होती. लागवडीने रान वाचवावे, हा कोरव्हों यांचाच विचार.

दुसरा धागा मुंबईचा. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १९०३ साली मुंबईस आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. तेथील वनस्पतिसंग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. आल्प्सच्या देशातून आलेल्या या अभ्यासकाने काश्मीरच्या सुंदर फुलांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९२७–२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महाविद्यालयात पुढे स्पेनचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) आले. ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे एक काम आम्हांस विशेष वाटते. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे त्यांनी पुरंदर किल्ल्यावरच्या वनस्पतींची नोंद केली आणि १९५८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एक डोंगर, बारा वर्षे.

पुरंदरावर बर्फ नाही. सह्याद्रीचे कडे उन्हाळ्यात तापतात. परंतु कड्याच्या भेगेत जगण्याची रीत तीच. शिवनेरीसारख्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल खोडाची, लाल-जांभळ्या चांदणीसारख्या फुलांची एक वनस्पती आढळते. १८६०च्या दशकात डाल्झेल यांनी जुन्नरच्या परिसरातून तिची ओळख शास्त्राला करून दिली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया हे नाव दिले. महाराष्ट्रातील मोजक्या कड्यांखेरीज ती जगात कोठेही निसर्गतः उगवत नाही. गुरे चरतात, वणवे लागतात, कड्याखालचा दगड खाणीसाठी फुटतो, आणि तिचे घर आक्रसते. तिला नाव मिळून दीडशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु नाव मिळाले म्हणून झाड जगत नाही.

धाकट्या खिंडीतील त्या धर्मगुरूंनी नव्या जातींना नावे दिल्याची कीर्ती मिळविली नाही. त्यांनी एका जागी मुक्काम केला, वर्षानुवर्षे तेच उतार पाहिले, उणे झालेले ओळखले आणि उतारवयात हाती फावडे घेतले. आपल्या गावामागच्या टेकडीवर, गडाच्या कड्यावर, ओढ्याकाठच्या कातळावर पंचवीस वर्षांपूर्वी काय फुलत होते आणि आज काय फुलते, हे सांगू शकेल असे एक तरी माणूस प्रत्येक गावात आहे काय, याचा वाचकांनी शोध घ्यावा. असेल तर त्याच्याकडून ते लिहून घ्यावे. नसेल तर येत्या श्रावणापासून कोणीतरी त्या कातळावर जावयास आरंभ करावा, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा जावे.